दोन भावांतला दुभाषा



भाषांतर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जाडजूड ग्रंथ उभे राहतात. मला आज त्याहून फार लहान मालाविषयी बोलावयाचे आहे. ‘तुझे नाव काय?’, ‘मला ठाऊक नाही’, ‘मला थंडी वाजते’, जेवून उठताना पाहुण्याने म्हणावयाचे दोन शब्द, अशी ही रोजच्या तोंडची वाक्ये. ती आइसलँडच्या भाषेतून नॉर्वेच्या भाषेत नेताना, किंवा तिकडून इकडे आणताना, काय होते ते पाहावयाचे. विषय आडवळणाचा आहे खरा. परंतु ह्या दोन देशांची भाषा हजार वर्षांपूर्वी एकच होती व दोघांत दुभाष्याची गरज पडत नव्हती. पुढे ती पडू लागली. आणि नवल असे की, नॉर्वेच्या माणसाला दुभाषा लागला तो आपल्याच आजोबा-पणजोबांचा कायदा वाचण्यासाठी. हे कसे घडले तेवढे आज सांगावे असा हेतू आहे.

परंपरा असे सांगते की, इ. स. ८७४ मध्ये इंगोल्फ आर्नारसोन हा नॉर्वेचा माणूस आइसलँडात कायमच्या वस्तीसाठी उतरला. त्याच्या मागोमाग पन्नास-साठ वर्षांत नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कुटुंबेच्या कुटुंबे गुरामेंढरांसकट तिकडे गेली. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या बायका आणि गुलाम त्यांच्या सोबत पुष्कळ होते. तरी घरात आणि सभेत चालली ती नॉर्वेचीच बोली. ९३० साली त्या वसाहतवाल्यांनी आल्थिंग ही आपली सभा स्थापन केली. तिच्यासाठी कायदा हवा म्हणून उल्फल्योत नावाच्या गृहस्थाने नॉर्वेतील गुलाथिंगचा कायदा नमुन्यादाखल आणला, असे बाराव्या शतकातील इतिहासकार आरी थोर्गिल्सोन ह्याने लिहून ठेवले आहे. कायदा लिहिलेला नव्हता. सभेचा ‘कायदेवक्ता’ तो तोंडपाठ म्हणे, दरवर्षी एक तृतीयांश, म्हणजे तीन वर्षांत एक पारायण पुरे. आपल्याकडे वेद जसे मुखोद्गत राखले गेले तसाच काहीसा हा प्रकार. फरक इतकाच की, येथे पाठ करावयाचे होते ते मेंढ्या कोणाच्या रानात चरल्या तर दंड किती, ह्यासारखे विषय.

तेराव्या शतकापर्यंत हा भाषेचा एकोपा टिकला. आइसलँडचा सरदार आणि लेखक स्नोरी स्तुर्लुसोन १२१८ साली नॉर्वेस गेला, तेथे दोन वर्षे राहिला, आणि पुढे त्याने नॉर्वेच्या राजांचा इतिहास लिहिला. ‘हेइम्सक्रिंग्ला’ म्हणून जो ग्रंथ प्रसिद्ध आहे तो हाच. नॉर्वेच्या राजांची बखर आइसलँडच्या माणसाने लिहावी आणि नॉर्वेच्या लोकांना ती जशीच्या तशी कळावी, ह्यात त्या काळी कोणाला विशेष वाटत नसे. (स्नोरीला मात्र नॉर्वेच्या राजकारणात पडण्याचे फळ वाईट मिळाले. राजाची गैरमर्जी झाली आणि १२४१ साली त्याच्याच घराच्या तळघरात त्याला मारण्यात आले.)

१२६२ ते १२६४ ह्या वर्षांत आइसलँडने नॉर्वेच्या राजाचे स्वामित्व मान्य केले. त्यानंतर गादीवर असलेल्या मॅग्नुस राजाला इतिहासात ‘कायदे सुधारणारा’ असेच टोपणनाव आहे. त्याने १२७४ साली नॉर्वेला एक संपूर्ण देशासाठी कायदा दिला. आइसलँडसाठी त्याच धर्तीचे दुसरे पुस्तक तयार करविले, ते १२८१ साली आल्थिंगने स्वीकारले. योन नावाच्या कायदेपंडिताने ते बेटावर आणले म्हणून त्याचे नाव ‘योन्सबोक’, म्हणजे योनचे पुस्तक. एका राजाची, एका भाषेतील, सात वर्षांच्या अंतराने जन्मलेली ही दोन भावंडे. ह्या दोघांकडे आपले लक्ष असू द्या; पुढची कथा पुष्कळशी त्यांच्या नशिबाची आहे.

१३४९ साली बेर्गेन बंदरात प्लेग उतरला. नॉर्वेची निम्मी किंवा त्याहूनही अधिक वस्ती त्या एका फेऱ्यात आणि त्याच्या मागून आलेल्या साथींत गेली. लिहिणारे-वाचणारे म्हणजे बहुतेक धर्मोपदेशक; तेच आजाऱ्यांच्या उशाशी जात असल्यामुळे त्यांच्यातले फार मेले. शाळा ओस पडल्या, लेखनाची गुरुपरंपरा तुटली. आइसलँडास हीच साथ पन्नास वर्षांनी, १४०२ साली, गाठून गेली. तिनेही भयंकर संहार केला, पण तोवर तेथील पोथ्यांची मोठी कामगिरी होऊन गेली होती.

साथीच्या मागून व्यापारी आले. जर्मन शहरांच्या ‘हान्सा’ संघाने सुमारे १३६० पासून बेर्गेनात आपली पेढी थाटली. उत्तरेकडची सुकी मासळी घ्यावयाची, धान्य द्यावयाचे, आणि हिशेब आपल्या भाषेत ठेवावयाचा. त्यांची भाषा उत्तर जर्मनीतली. नॉर्वेच्या भाषेची ती चुलतबहीणच. चुलतबहिणीचे शब्द घरात सहज शिरतात, परक्याचे अडखळतात. त्यामुळे बाजारातले, कारागिरांचे, शहरी राहणीचे शब्द शेकड्यांनी नॉर्वेच्या बोलीत आले. मग राज्य गेले. १३९७ साली तीन उत्तर देशांचे एक राज्य झाले, आणि त्यातून पुढे नॉर्वे डेन्मार्कच्या हाताखाली राहिला तो थेट १८१४ पर्यंत. कचेरीची भाषा डॅनिश झाली. १५३७ च्या सुमारास धर्मसुधारणा आली तीही डॅनिश बायबल घेऊन. नॉर्वेतील शेतकरी घरी आपल्या खोऱ्याची बोली बोले, देवाशी डॅनिशमध्ये बोले, आणि सारा भरताना डॅनिशमध्ये लिहिलेल्या कागदावर खूण करी. बोली मेली नाही. तिचे लिहिणे मेले.

आता त्या कायद्याच्या पुस्तकाकडे वळू. राज्य डेन्मार्कचे झाले तरी नॉर्वेत कायदा चालत होता तो मॅग्नुस राजाचा, १२७४ चा, हस्तलिखितांतून. त्यामुळे सोळाव्या शतकात नॉर्वेमध्ये जुनी भाषा वाचू शकणारा एक छोटा वर्ग शिल्लक राहिला होता, तो म्हणजे न्यायाधीशांचा. त्यांना ती वाचावीच लागे. तिच्यावर त्यांचे पोट होते. बेर्गेनचा न्यायाधीश मात्तिस स्टर्सन ह्याने जुन्या राजांच्या कथांचा डॅनिशमध्ये सारांश केला तो ह्याच जोरावर. परंतु वाचणारे कमी होत चालले, आणि शतकाच्या मध्यापासून ह्या न्यायाधीशांतच कायद्याची खाजगी डॅनिश भाषांतरे हातोहात फिरू लागली. शेवटी १६०४ साली चौथ्या क्रिस्तियान राजाने नॉर्वेचा कायदा डॅनिशमध्ये छापून काढला. ते मुख्यतः जुन्या पुस्तकाचे भाषांतरच होते.

लोकांच्या सोयीची गोष्ट झाली, ह्यात शंका नाही. ज्या कायद्याने शिक्षा व्हावयाची तो आरोपीला कळावा हे योग्यच. पण तिचा दुसरा परिणाम पाहा. जुनी भाषा शिकण्याचे जे एकच रोकडे कारण नॉर्वेत उरले होते ते त्या दिवशी संपले. आता न्यायाधीशालाही तिची गरज नाही. दुभाष्याने काम इतके चोख केले की मूळ बोलणारालाच घरी पाठवून दिले. माझ्या मते नॉर्वेच्या जुन्या लेखी भाषेच्या मृत्यूची तारीख कोणी विचारली, तर राजकारणाच्या कोणत्याही तहापेक्षा १६०४ हेच वर्ष सांगणे अधिक खरे होईल.

तथापि भाषांतराला केवळ दोषी धरणे न्यायाचे नाही. नॉर्वेच्या दक्षिण टोकाला उंदाल ह्या गावी पेदर क्लाउस्सन फ्रीस नावाचा धर्मोपदेशक होता. त्याने स्नोरीचा इतिहास डॅनिशमध्ये आणला. त्याच्या मृत्यूनंतर १६३३ साली ओले वोर्म ह्या विद्वानाने तो कोपनहेगनला छापला. हे पुस्तक नॉर्वेच्या शेतकऱ्यांच्या घरांतून वाचले गेले. आपल्याला एके काळी आपले राजे होते ही गोष्ट ज्यांना ठाऊक राहिली, त्यांना ती परभाषेतल्या ह्या पुस्तकामुळे ठाऊक राहिली. भाषा गेली आणि आठवण राहिली. दोन्ही कामे भाषांतरानेच केली.

तिकडे आइसलँडात काय चालले होते? तेही बेट त्याच राजाचे, त्याच डॅनिश अंमलाखालचे. परंतु तेथे शहर नव्हते. १८०१ साली रेक्याविकची वस्ती तीनशेच्या आसपास होती, ह्यावरून कल्पना करावी. दूरदूर पसरलेली शेतघरे, आणि हिवाळ्यात दिवस चार-पाच तासांचा. अशा रात्री घरातली सारी माणसे एका खोलीत बसत. कोणी लोकर पिंजे, कोणी सूत काढी, कोणी विणी, आणि एकजण दिव्याशी बसून मोठ्याने जुन्या कथा वाची. ह्या बैठकीला त्यांच्यात ‘संध्याजागर’ अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावतात, तसे म्हणा. मात्र तेथे चातुर्मास पुरा हिवाळाभर चाले आणि पोथीत युद्धे, खून आणि वारशाचे तंटे असत. मुले वाचायला शिकत ती ह्या पोथ्यांवर आणि योन्सबोकवर. हो, कायद्याच्या पुस्तकावर. १५७८ साली होलार येथे ते छापले गेले, मूळ भाषेत. नॉर्वेत त्याच्या भावाचे भाषांतर करावे लागले त्याच्या सव्वीस वर्षे आधीची ही गोष्ट.

बायबलही त्यांनी आपल्या भाषेत मिळविले, आणि ते मिळवून देणाराची कथा आपल्या विषयाच्या अगदी मध्यावर येते. ओद्दुर गोत्स्काल्कसोन हा होलारच्या बिशपचा मुलगा. बाप जन्माने नॉर्वेचा. मुलगा लहानपणीच नॉर्वेत चुलत्याकडे गेला, तेथे वाढला, डेन्मार्क-जर्मनीत शिकला, आणि ल्यूथरचे विचार घेऊन आइसलँडास परतला. स्काल्होल्टच्या बिशपाच्या पदरी राहून त्याने नव्या कराराचे भाषांतर केले. बिशप जुन्या मताचा, म्हणून हे काम गोठ्यात बसून चोरून केले अशी परंपरागत हकीकत आहे. १५४० साली ते डेन्मार्कमधील रोस्किल्द येथे छापले गेले. आइसलँडच्या भाषेतील आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छापील पुस्तक ते हेच. अर्धा नॉर्वेचा, नॉर्वेत वाढलेला हा माणूस. आणि बायबल दिले ते आइसलँडला! नॉर्वेला त्या शतकात असा कोणी मिळाला नाही. १५८४ साली बिशप गुद्ब्रांदुर थोर्लाक्सोन ह्याने होलारला संपूर्ण बायबल छापले. प्रती पाचशे, आणि एका प्रतीची किंमत दोन-तीन गायींइतकी.

ह्यानंतर दोन देशांच्या मध्ये दुभाषा हा पगारी माणूस झाला. थोर्मोदुर तोर्फासोन हा आइसलँडचा विद्वान. राजाने १६६० साली त्याला जुन्या पोथ्यांच्या भाषांतरासाठी नेमले. तो नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याजवळील कार्मय बेटावर घर करून राहिला, आणि १७११ साली त्याचा नॉर्वेचा मोठा इतिहास प्रसिद्ध झाला. कोणत्या भाषेत? लॅटिनमध्ये! ज्या किनाऱ्यावरून आठशे वर्षांपूर्वी आइसलँडची माणसे निघाली, त्याच किनाऱ्यावर बसून आइसलँडचा माणूस नॉर्वेचा इतिहास लिहितो आणि भोवतालच्या कोणाला ती भाषा येत नाही.

इतका इतिहास पाठीशी घेऊन आता रोजच्या वाक्यांकडे येऊ. एक खुलासा आधी केला पाहिजे. आज नॉर्वेची लेखी भाषा एक नाही, दोन आहेत. एक डॅनिशमधून हळूहळू नॉर्वेच्या उच्चाराकडे वळवून घेतलेली, ‘बूकमोल’ म्हणजे ग्रंथभाषा. दुसरी खेड्यांतल्या बोलींवरून उभी केलेली, ‘नीनोश्क’ म्हणजे नवी नॉर्वेजियन. पहिली वापरणारे पुष्कळ अधिक आहेत.

‘तुझे नाव काय?’ आइसलँडर विचारील, ‘क्वाद हेइतिर थू?’ नीनोश्कमध्ये, ‘क्वा हेइतर दू?’ बूकमोलमध्ये, ‘व्हा हेतर दू?’ तिन्ही सख्खी आहेत हे कानालाच कळते. पण पहिली दोन पाहा: प्रश्नाच्या आरंभीचा ‘क्व’ दोघांचाही एकच. नॉर्वेच्या पश्चिमेकडील शेतकऱ्याच्या तोंडी जो उच्चार आहे तो समुद्रापलीकडे आइसलँडातही आहे. मधल्या शहरी ग्रंथभाषेत तो नाही. तसेच आइसलँडात ज्याला ‘थ’ म्हणतात तो नॉर्वेत ‘द’ किंवा ‘ट’ झाला. म्हणून एका देशाची लोकसभा आल्थिंग आणि दुसऱ्या देशाची स्टोर्टिंग. नाव एकच, अक्षर बदलले.

‘मी आहे, तू आहेस, आम्ही आहोत, ते आहेत’ हे आपण न शिकता बोलतो. आइसलँडचा माणूसही क्रियापदाची अशीच निरनिराळी रूपे करतो. नॉर्वेच्या माणसाचे मात्र सगळ्यांना एकच रूप: मी ‘एर’, तू ‘एर’, आम्ही ‘एर’. नॉर्वेजियन शिकणाराला ही सुटी मोठी गोड वाटते. निरोप घेताना आइसलँडात पुरुषाला ‘वेर्तू साइत्ल’ म्हणावयाचे आणि बाईला ‘वेर्तू साइल’, म्हणजे ‘सुखी राहा’. पण सुखी हा शब्द लिंगाप्रमाणे बदलतो. नॉर्वेत दोघांनाही ‘हा दे’, झाले. आपल्यासारख्या ‘भुकेला-भुकेली’ करणाऱ्या लोकांना आइसलँडची ही चाल परकी वाटू नये.

पण खरी मौज पुढे आहे. ‘मला थंडी वाजते’ हे वाक्य घ्या. मराठीत थंडी वाजवणारा मी नव्हे. थंडी वाजते ती मला. आइसलँडात ‘म्येर एर काल्त’, शब्दशः ‘मला थंड आहे’. नॉर्वेत ‘याइ फ्रीसर’, ‘मी गारठतो’. ‘मला स्वप्न पडले’ हे आइसलँडात ‘मिग ड्रेय्म्दी’, तेथेही ‘मला’. नॉर्वेत ‘याइ द्रम्ते’, ‘मी स्वप्नलो’ म्हणावे तसे. जुन्या काळी नॉर्वेतही ‘मला’च स्वप्न पडत असे. पुढे विभक्तीचे प्रत्यय झिजले आणि ‘मला’चा ‘मी’ झाला. काही खोऱ्यांतल्या बोलींत चतुर्थी अजून टिकून आहे, पण छापील भाषेतून ती गेली. भाषांतरकाराला येथे शब्द बदलून भागत नाही, वाक्याचा धनीच बदलावा लागतो. स्वप्न माणसाला पडते की माणूस स्वप्न पाहतो, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न मी येथे उघडत नाही. पण आइसलँडर आणि मराठी माणूस ह्याबाबतीत एका बाजूला बसतील.

घरात शिरलो की हान्साच्या व्यापाऱ्यांची गाठ पडते. नॉर्वेत स्वयंपाकघर म्हणजे ‘श्योक्कन’, मूळ लॅटिनमधून जर्मन वाटेने आलेला शब्द. आइसलँडात ‘एल्दहूस’, अग्नीचे घर. सकाळची न्याहारी नॉर्वेत ‘फ्रूकोस्ट’, जर्मनांची. आइसलँडात ‘मोर्गुनमातुर’, सकाळचे अन्न. बोलणे नॉर्वेत ‘स्नाक्के’, आइसलँडात ‘ताला’. आरंभ करणे ‘बेयिन्ने’ आणि ‘बिर्या’. शिंपी नॉर्वेत ‘स्क्रेद्दर’, आइसलँडात कपडे कातरणारा अशा अर्थाचा घरचाच शब्द. खिडकीच्या बाबतीत मात्र उलट घडले. नॉर्वेची ‘विन्दू’ म्हणजे जुना ‘वाऱ्याचा डोळा’. हाच शब्द इंग्लंडातही गेला आणि ‘विंडो’ होऊन आपल्या मुलांच्या शाळेपर्यंत आला. आइसलँडने तो सोडला आणि ‘ग्लुग्गी’ धरला. जुने ते सारे आइसलँडात आणि नवे ते सारे नॉर्वेत, असे म्हणणाराला ही एक खिडकी पुरे आहे. उच्चारांचेही तेच. आइसलँडचे लेखन जुने राहिले, पण स्वर फार बदलले. आजचा आइसलँडर स्नोरीचे पुस्तक वाचील, मात्र स्नोरीला त्याचे वाचणे चमत्कारिक वाटेल.

आता जेवणाचे दोन शब्द. नॉर्वेत पाहुणा उठताना ‘तक फोर मातन’ म्हणतो, जेवणाबद्दल आभार. आइसलँडात ‘ताख फीरिर मिग’, शब्दशः ‘माझ्याबद्दल आभार’. माझी जी सरबराई केलीत तिच्याबद्दल, असा भाव. हेच शब्द नॉर्वेत आहेत, ‘तक फोर मै’, पण ते म्हणतात निरोप घेताना! तेव्हा नवख्या भाषांतरकाराने शब्दाला शब्द ठेवला तर आइसलँडच्या पाहुण्याचे जेवण झाले एवढेच असताना नॉर्वेचा यजमान त्याचा कोट आणावयास धावेल. यजमानाचे उत्तरही पाहण्याजोगे आहे. आइसलँडात ‘वेर्दी थ्येर आद गोदू’, ‘ते तुला चांगले होवो’. नॉर्वेत ‘वेल बेकोम्मे’. अर्थ तोच, शब्दांचा वळसा जर्मनीतून. आपल्याकडे जेवणारा ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतो. तिकडे अन्नदाताच जेवणाराला आशीर्वाद देतो. आणि एक वाक्य दोन्हीकडे अजून जसेच्या तसे आहे: पूर्वी एकत्र वेळ घालविलेला माणूस पुन्हा भेटला की ‘तक फोर सिस्त’, ‘ताख फीरिर सीदास्त’, म्हणजे ‘मागच्या भेटीबद्दल आभार’. त्याला दुभाषा लागत नाही. व्यापारी आले, राजे बदलले, ह्या वाक्यात त्यांचे काही काम नव्हते.

आइसलँडची भाषा टिकली ती आपोआप, असे मात्र समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रेक्याविकमध्ये डॅनिश मिसळलेली बोली चाले. डेन्मार्कचा तरुण पंडित रास्मुस रास्क ह्याने १८११ साली आइसलँडच्या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. १८१३ साली तो स्वतः बेटावर आला आणि जे ऐकले त्याने इतका हादरला की, रेक्याविकमध्ये शंभर वर्षांत ही भाषा क्वचितच कोणाला कळेल आणि त्यानंतर दोनशे वर्षांत सबंध देशात कोणाला कळणार नाही, असे त्याने पत्रात लिहिले. मात्र तो नुसते भाकीत करून थांबला नाही. १८१६ साली आइसलँडची साहित्यसंस्था स्थापण्यात तोच पुढे होता. हा गृहस्थ आपल्याला अगदीच परका नाही. रशिया आणि इराण ओलांडून १८२० साली तो मुंबईस आला, पारशी धर्मग्रंथांची जुनी हस्तलिखिते त्याने मिळविली, आणि पुढे ती कोपनहेगनला नेली. अवेस्तेची भाषा खरोखर प्राचीन आहे हे युरोपला पटविण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

त्याचे भाकीत खोटे ठरले. १९११ साली रेक्याविकमध्ये विद्यापीठ निघाले, ते आइसलँडच्या भाषेत शिकविणारे. नव्या वस्तूंना जुन्या धातूंवरून नावे देण्याचा त्यांनी सपाटाच लावला. टेलिफोनला ‘सीमी’, जुन्या पोथ्यांतला ‘दोरा’ ह्या अर्थाचा शब्द. विजेला ‘राव्माग्न’, तृणमण्याची शक्ती. १९६५ मध्ये सिगुर्दुर नोर्दाल ह्यांनी संगणकाला ‘तोल्वा’ हा शब्द सुचविला; त्यात ‘ताला’ म्हणजे संख्या आणि ‘वोल्वा’ म्हणजे भविष्य सांगणारी बाई, अशी दोघांची गाठ आहे. नॉर्वेत ‘तेलेफून’ आणि ‘दातामाशीन’ चालते व कोणाचे अडत नाही. भाषाशुद्धीचा अतिरेक हास्यास्पद होतो हे मलाही मान्य आहे. पण तोल्वासारखा शब्द घडला की हसणारा आपोआप गप्प बसतो.

ज्या १८१३ साली रास्कने ते पत्र लिहिले त्याच साली नॉर्वेच्या पश्चिमेकडे अर्स्टा येथे एका लहान शेतकऱ्याच्या घरी ईवार ओसेन जन्मला. शाळा अशी त्याने फारशी पाहिली नाही. भाषा शिकला त्या स्वतःच. १८४२ पासून चार वर्षे तो खोऱ्याखोऱ्यांतून पायपीट करीत शब्द वेचीत हिंडला. त्याला दिसले की, शहरी लोक ज्यांना गावंढळ म्हणतात त्या बोलींत जुन्या भाषेचा सांगाडा शाबूत आहे. ‘मला ठाऊक नाही’ हे खेड्यातले ‘एग वेइत इक्ये’ आइसलँडच्या ‘येग वेइत थाद एह्की’च्या किती जवळचे आहे! १८४८ साली त्याने व्याकरण, १८५० साली कोश काढला. नीनोश्कचा पाया तो हाच. १८८५ साली नॉर्वेच्या स्टोर्टिंगने तिला डॅनिश वळणाच्या भाषेच्या बरोबरीचा दर्जा दिला, आणि १९२१ साली तिच्यात संपूर्ण बायबल निघाले. होलारनंतर तीनशे सदतीस वर्षांनी.

आज दोन देशांची माणसे समोरासमोर आली तर काय होते? आइसलँडची लोकसंख्या सुमारे चार लाख, नॉर्वेची पंचावन्न लाखांच्या घरात. आइसलँडच्या मुलांना शाळेत डॅनिश शिकवितात, तेव्हा वडील पिढीतला आइसलँडर नॉर्वेच्या माणसाशी डॅनिशमध्ये बोलण्याचा प्रयत्न करतो. तरुण पुष्कळदा सरळ इंग्रजीत बोलतात. दोघा भावांनी एकमेकांशी बोलावयाचे ते जुन्या धन्याच्या भाषेत, नाहीतर तिसऱ्याच्याच.

आणि ती दोन पुस्तके? नॉर्वेच्या कायद्याला २०२४ साली साडेसातशे वर्षे झाली. देशाने तो उत्सव थाटाने केला, हस्तलिखिते लोकांना पाहावयास ठेवली. सामान्य नॉर्वेजियन माणूस त्यातील मजकूर समजून घेतो तो भाषांतरावरून. आबसालोन तारांगर ह्यांनी १९१५ साली केलेले भाषांतर आजही प्रसिद्ध आहे. त्याचा धाकटा भाऊ योन्सबोक मात्र अजून नोकरीत आहे. त्याची काही कलमे आइसलँडच्या चालू कायद्यांच्या सरकारी संग्रहात आजही छापली जातात. त्यांत किनाऱ्याला लागलेल्या वस्तूंचे प्रकरण आहे. बेटावर मोठी झाडे फार थोडी. समुद्र सायबेरियाच्या नद्यांतले ओंडके वाहून आणतो आणि कधी मेलेला देवमासा टाकून जातो. तो कोणाचा, जमिनीच्या मालकाचा की किनाऱ्यावर हक्क असलेल्या दुसऱ्या कोणाचा, असा तंटा निघाला तर १२८१ सालच्या शब्दांपर्यंत जाता येते, आणि ते शब्द वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश तिघेही आपले आपणच वाचतात.